दोन पाण्यांची शीव

जोतीरामच्या लग्नाची शीव नदीत जाऊन पडली, आणि तिला तिथं नेऊन टाकणारा दुसरातिसरा कुणी नसून खुद्द नवरदेवच होता.

सन छत्तीसच्या मार्गशीर्षातली गोष्ट. जोतीराम हा पिंपळीच्या आबासाहेबांचा थोरला. बारामतीला शाळा झाली, पुढं पुण्याच्या कॉलेजात बी. एस्सी. झाला आणि तिथल्याच प्रयोगशाळेत पोरांना प्रयोग दाखवायच्या कामावर चिकटला. घरी कालव्याखालचा मळा होता, ऊस होता, वांगी होती, पेरू होते. पोरगा मामलेदार व्हावा, घोड्यावरून मळ्यात यावा, असं आबासाहेबांच्या मनात होतं. पोरगा मात्र फेसाच्या नादी लागला होता.

फेस म्हणजे अगदी साबणाचा, ताकाचा, उसाच्या रसाचा फेस. बुडबुड्याच्या आत हवा, बाहेर हवा, आणि मध्ये पाण्याचा एवढासा पापुद्रा; तो सारखा हलतो, रंग बदलतो, पातळ होतो आणि फुटतो. या पापुद्र्यानं जोतीरामला वेड लावलं. मग एक दिवस कॉलेजच्या व्हरांड्यातून जाताना त्याच्या लक्षात आलं, की पहिल्या खोलीतले मास्तर पाऱ्याचा थेंब बघतायत, दुसऱ्या खोलीतले पाण्यावर पसरणारं तेल बघतायत, तिसऱ्या खोलीतले पानाच्या पेशीची कातडी बघतायत. दारं सगळ्यांची बंद. आणि सगळे बघतायत एकच गोष्ट! एक पदार्थ संपतो आणि दुसरा सुरू होतो ती जागा. ती जागा कधी गप्प बसत नाही, हीच तर गंमत.

तो या खोलीतून त्या खोलीत पळत सुटला. रसायनवाल्यांना वाटलं हा पदार्थविज्ञानाचा, पदार्थविज्ञानवाल्यांना वाटलं हा वनस्पतीवाल्यांचा, आणि वनस्पतीवाल्यांनी त्याला प्यायला पाणी दिलं.

सुट्टीत गावी आला तरी तेच. गुऱ्हाळावर गेला की गूळ खायचा सोडून रसाच्या उकळत्या काहिलीवर तरंगणाऱ्या मळीकडं बघत राही. रस मध्ये उसळून वर येई, कडेकडेला पांगे, आणि जिथं परत खाली बुडी मारी तिथं मळीची रेघ साचे. मळ्याच्या खालच्या अंगाला कालव्याच्या पाझरानं जमीन पांढरी पडत चालली होती. तिथं हा खारट मातीची कड कुठवर सरकली ते खुंट्या मारून बघे. त्याची आत्या धोंडाबाई सगळ्या भावकीत सांगत फिरली, "आमचा जोत्या आमटीवरच्या तेलाकडं टक लावून बसतुया. जेवत न्हाय. बाहेरचं काय लागलं का काय, बघाय पायजे."

बाहेरचं बघायच्या ऐवजी मुलगी बघायचं ठरलं.

मुलगी इंदापूर तालुक्यातली, भीमाकाठच्या कुंडलिकरावांची सारजा. मराठी सातवी पास झालेली. पोहे झाले, पानसुपारी झाली, आणि कुंडलिकराव थट्टेनं लेकीला म्हणाले, "इचार गं, तुला काय इचारायचं आसंल ते. पुण्याचं पाव्हणं हायती."

सारजानं मान वर केली. "तुमी शिकिवता काय?"

घरातल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. जोतीराम एकदम खुलला. पाणी आणि तेल, दूध आणि साय, फेस आणि हवा, असं सांगत सांगत तो म्हणाला, "दोन वस्तूंच्या मधली जी शीव असते ना, ती. ती सारखी हलत असते. मी तिच्या मागं आहे."

"मग ती शीव कुणाची म्हणायची?" सारजा म्हणाली. "दुधाची का सायीची?"

जोतीरामचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. तीन खोल्यांतल्या तीन मास्तरांपैकी हे कुणी विचारलं नव्हतं. त्यानं स्वतःसुद्धा विचारलं नव्हतं. परतीच्या वाटेवर, पिंपळीची वेस आल्यावर, तो बैलगाडीत एकच वाक्य बोलला: "आबा, लग्न करीन तर हिच्याशीच."

इथवर सगळं सुरळीत होतं. घोड्यानं पेंड खाल्ली ती दोन्ही बापांपाशी. पुढं सुपारी फोडायच्या बैठकीत आबासाहेबांनी सहज म्हणून नीरेच्या कालव्याचं कौतुक केलं. कुंडलिकरावांनीही सहज म्हणून विचारलं, "पण आबासाहेब, तुमची नीरा शेवटाला आमच्या भीमेतच येऊन बुडती न्हवं? फुडं तिचं नाव तरी ऱ्हातं का?"

त्या दिवसापासून दोघांच्या माना ताठ झाल्या त्या झाल्याच.

दोन्ही घरांचं कुलदैवत नरसिंहपूरचं. तेव्हा लग्न देवाच्या दारातच लावायचं ठरलं. नरसिंहपूर दोन नद्यांच्या कातरीत बसलेलं; एका अंगानं नीरा येते, दुसऱ्या अंगानं भीमा, आणि टोकाच्या पायऱ्यांपुढं दोघींची गाठ पडते. पिंपळीचं वऱ्हाड नीरेच्या अंगाला उतरलं, मुलीकडचं भीमेच्या अंगाला. गोरज मुहूर्त. सकाळपासून सनई वाजत होती. आणि दुपारी कुणाच्या तरी ध्यानात आलं, की सीमांतपूजन राहिलंय.

मुलीच्या गावच्या शिवेवर नवरदेव आला की मुलीच्या बापानं पुढं होऊन त्याला गंध लावायचं, फेटा बांधायचा, व्याह्यांनी व्याह्यांची गळाभेट घ्यायची, मगच नवरदेव मांडवाकडं निघायचा. दोन्ही घरांत याशिवाय आजवर अक्षता पडलेल्या नव्हत्या. पण इथं गाव तिसरंच. शीव कुणाची धरायची?

"आमी मुलाकडचं," आबासाहेबांनी निरोप धाडला. "तुमी आमच्या तळावर यायचं."

"शीव मुलीकडची आसती," उलटा निरोप आला. "तुमी भीमंच्या घाटावर यायचं."

"या" आणि "या" असं निरोप्यांचं येणंजाणं सुरू झालं. निरोप्यांचे घसे सुकले, वाजंत्री झोपले, भात गार झाला.

जोतीराम या वेळी टोकाच्या पायरीवर बसून नदीकडं बघत होता. वर कऱ्हा नदीच्या डोंगरात अवकाळी पाऊस झाला होता, त्यामुळं कऱ्हा पोटात घेऊन आलेली नीरा चहासारखी गढूळ होती. भीमा मात्र हिरवी नितळ. आणि दोघी भेटत होत्या तिथं पाण्यावर एक रेघ, कुणी चाकूनं कापावी तशी. एका बाजूला चहा, दुसऱ्या बाजूला हिरवं काचेचं भिंग. कपाळावर मुंडावळ्या आहेत, आज आपलं लग्न आहे, हे तो पार विसरून गेला होता.

आबासाहेब रागानं येरझाऱ्या घालत तिथं आले. जोतीराम रेघेवरची नजर न काढता म्हणाला, "आबा, एवढं काय त्यात? नीरेचं पाणी आपलं, भीमेचं त्यांचं. जिथं दोन्ही पाणी भेटतात ती शीव. तिच्यावर भेटा. कुणी कुणाकडं जायला नको."

तो अर्धा चेष्टेत बोलला होता. आबासाहेबांनी ते पूर्ण मनावर घेतलं. कुंडलिकरावांनीही घेतलं. समोरचा पाण्यात पाय घालायला कचरणार, अशी दोघांचीही मनातून खात्री होती. अट एकच, आणि ती दोघांनीही देवाची आण घेऊन घातली: शिवेच्या पलीकडं एक वीतसुद्धा जायचं नाही.

तिथं माणसं पार करायला नाव नव्हती. होत्या काहिली. गुऱ्हाळात रस आटवायची जी लोखंडी काहील, तीच जुनी झाली, भोकं पडली, की डांबर लावून नदीत सोडायची. बिरू आणि तात्याबा हे दोघे भाऊ अशा दोन काहिली चालवत. काहील गोल, तिला पुढचं टोक नाही, मागचं टोक नाही. एक वल्हं मारलं की ती पुढं जायच्या आधी स्वतःभोवती फिरते.

नीरेच्या अंगानं बिरूच्या काहिलीत आबासाहेब आणि जोतीराम बसले. भीमेच्या अंगानं तात्याबाच्या काहिलीत कुंडलिकराव बसले, मांडीवर पूजेचं ताट घेऊन. घाटावर सगळं वऱ्हाड गोळा झालं.

"जोत्या, दोन्ही हातांनी धर रं काठ!" धोंडाबाई ओरडली. "आन् दादा, तुमी हुबं ऱ्हाऊ नगा, बुडाल!"

"मी पिंपळीचा हाय, बुडतोय कशाला," असं म्हणून आबासाहेब उभे राहिले. काहील फिरली. आबासाहेब बसले.

दोन्ही काहिली रेघेपाशी आल्या. कुंडलिकरावांनी बोटाला गंध घेतलं. तेवढ्यात रेघ सरकली.

चांगली हातभर नीरेच्या बाजूला सरकली. म्हणजे आबासाहेब आता हिरव्या पाण्यात, भीमेत!

"माघारी! बिरू, माघारी!" आबासाहेब किंचाळले. बिरूनं वल्हं मारलं, काहील गरकन फिरली आणि माघारी आली. आता मध्ये अंतर पडलं. तात्याबा पुढं आला. रेघ परत फिरली. आता कुंडलिकराव चहात.

"फिरीव! फिरीव!"

मग जे सुरू झालं त्याला घाटावरच्या पोराटोरांनी टाळ्याच वाजवायला सुरुवात केली. रेघ नागिणीसारखी डुलत होती आणि तिच्या दोन अंगांना दोन काहिली भिंगरीसारख्या फिरत होत्या. ही पुढं आली की ती मागं, ती पुढं आली की ही मागं. जोतीरामच्या डोळ्यांपुढून देऊळ जाई, मग आबांचं नाक, मग नदी, मग सासऱ्यांच्या हातातलं ताट, मग परत देऊळ. आबासाहेबांचा फेटा सुटला आणि एका फेरीत बिरूच्या गळ्याभोवती, दुसऱ्या फेरीत जोतीरामच्या गळ्याभोवती गेला.

"आवं नवरदेव," बिरू धापा टाकत म्हणाला, "ही शीव एकदा नक्की करा की! मला उलटी हुतीया."

नक्की करा! जोतीरामच्या अंगात प्रयोगशाळा संचारली. "मामा," तो कुंडलिकरावांना ओरडला, "ताटातली हळद टाका पाण्यात! बरोब्बर रेघेवर! शीव पिवळी होईल, मग चुकायला नको."

कुंडलिकरावांनी मूठभर हळद भिरकावली. क्षणभर खरंच पिवळी रेघ उठली. मग तिला बाक आला, बाकाचा वळसा झाला, वळशाची गुंडाळी झाली. दोन नद्यांचा वेग वेगळा, त्यामुळं मधली रेघ गुंडाळत जात होती; एका मागोमाग एक, पिवळे शंखच्या शंख पाण्यावरून निघाले.

"बघा! बघा आबा! शंख!" जोतीराम नाचलाच. "गढूळ पाणी आत, नितळ बाहेर, परत गढूळ! एका शिवेच्या चार शिवा झाल्या!"

"आता ह्यातली आपली कुठली?" आबासाहेबांनी विचारलं.

"सगळ्याच!"

कुंडलिकरावांनी ताट खाली ठेवलं. पिवळं पाणी त्यांच्या काहिलीच्या चारी बाजूंनी फिरत होतं. "जावईबापू," ते म्हणाले, "तुमी शीव दावताय का रांगुळी काढताय?"

घाटावर हशा पिकला. तो हशा कुंडलिकरावांना झोंबला. सूर्य देवळाच्या शिखरामागं उतरू लागला होता आणि भटजी पायरीवरून दोन्ही हात हलवत होते.

"बस झालं," कुंडलिकराव म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो वाईट वाटला. "चार मानसांत चेष्टा झाली तेवढी पुरं. तात्याबा, फिरीव माघारी. पोरीला घिऊन घरला जातो. फुडं पौष लागंल. त्येच्या फुडचं फुडं बघू. न्हाय बघितलं तरी चालतंय."

जोतीरामची भिंगरी एकदम थांबली. म्हणजे काहील फिरतच होती, आतला जोतीराम थांबला. आपण चेष्टेत एक बोललो, हौसेनं दुसरं बोललो, आणि त्या दोन बोलण्यांच्या मध्ये सारजा हातची चालली. त्यानं घाटाकडं बघितलं.

टोकाच्या पायरीवर, बायकांच्या घोळक्याच्या पुढं, सारजा उभी होती. नवरीनं असं पुढं येऊ नये, पण सगळ्यांच्या नजरा नदीत होत्या, तिच्याकडं कोण बघतंय! हातातला झेंडूचा हार ती तोडत होती. एक फूल तिनं नीरेच्या अंगाला टाकलं, एक भीमेच्या अंगाला. परत एक इकडं, एक तिकडं. आणि टाकून झालं की वाकून बघत होती, कुठं जातंय ते.

जोतीरामही बघू लागला. नीरेत टाकलेलं फूल गढुळातून तिरकं तिरकं येत रेघेला लागलं. भीमेत टाकलेलं फूल हिरव्यातून तिरकं येत रेघेला लागलं. एकही फूल रेघ ओलांडून गेलं नाही, एकही दूर राहिलं नाही. रेघेवर आधीच वाळकी पानं होती, फेस होता, कुणाची तरी पत्रावळ होती, त्यांच्या रांगेत झेंडू जाऊन बसले. रेघ डुलली की सगळी रांग डुलत होती. शंखात गेलेली फुलंसुद्धा शंखाबरोबर फिरून रांगेतच बाहेर पडत होती.

आणि त्याला गुऱ्हाळावरची मळी आठवली.

"वल्हं वर!" तो ओरडला. "बिरू, वल्हं वर घे! तात्याबा, तूबी! मामा, माघारी जाऊ नका, पुढंही येऊ नका. नुसतं बसा!"

"बसून काय हुतंय?" आबासाहेब म्हणाले.

"आबा, दोन्ही पाणी त्या रेघेकडंच येतंय बघा. गढूळ पाणी जड, ते रेघेपाशी खाली बुडी मारतं. तरंगणाऱ्याला बुडी मारता येत नाही, मग ते तिथंच अडकतं. काहिलीत मळी अडकते तशी! आपण शिवेच्या मागं पळतोय म्हणून ती सापडंना. पळायचं थांबलो तर तीच आपल्याला धरून नेईल. मामा, तुम्ही आमच्याकडं आला नाही, आम्ही तुमच्याकडं आलो नाही, पाण्यानं आणलं!"

कुंडलिकराव घटकाभर बघत राहिले. पाण्याकडं नाही, पायरीकडं. लेक वाकून फुलं टाकत होती आणि त्यांच्या काहिलीकडं डोळे लावून होती.

"बसाय काय जातंय," ते म्हणाले. तात्याबानं वल्हं केव्हाच मांडीवर घेतलं होतं. त्याला चक्कर आली होती.

दोन्ही काहिली सुटल्या झेंडूसारख्या. ही गढुळातून तिरकी आली, ती हिरव्यातून तिरकी आली. दोघींच्या भोवती फेस, पानं, पिवळी फुलं. एका शंखानं दोघींना उचललं, अर्धा वळसा दिला, आणि ठण्ण! लोखंडावर लोखंड. दोन्ही काठ एकमेकांना चिकटले. मधून रेघ गेली होती.

"गंध!" भटजी पायरीवरून ओरडले.

कुंडलिकरावांनी बोट पुढं केलं. काहिली फिरत होत्या, त्यामुळं पहिलं गंध जोतीरामच्या नाकाला लागलं, दुसरं कानाला, आणि तिसरं कपाळाला. ताटातला फेटा बांधायचा सवालच नव्हता. तो त्यांनी सरळ टोपीसारखा डोक्यावर ठेवला. मग दोन्ही व्याही गुडघ्यांवर उभे राहिले आणि काठावरून वाकून त्यांनी एकमेकांना मिठी मारली.

तेवढ्यात काहिली सुटायला लागल्या.

"सोडू नगा!" बिरू ओरडला. "आबा, सोडलं तर दोगंबी पाण्यात!"

दोघांनी अशी घट्ट मिठी घातली, की गळाभेटीच्या इतिहासात तशी झाली नसेल. खाली दोन काठांमधल्या फटीत पाणी, वर दोन ताठ माना एकमेकांच्या खांद्यांवर. बिरूनं नीरेच्या अंगानं वल्हं मारलं, तात्याबानं भीमेच्या अंगानं, आणि काय नवल! एकेकटी फिरणारी काहील, जोडीनं आणि दोन बाजूंनी वल्हं बसताच फिरेनाशी झाली, सरळ चालू लागली. टोकाची पायरी येईस्तोवर व्याह्यांची भेट चालूच होती.

"आवं, पुरं झालं की आता!" धोंडाबाई म्हणाली. "लगीन पोरांचं हाय का तुमचं?"

पायरीवर उतरले तर जमीन फिरायला लागली. आबासाहेब देवळाकडं निघाले ते तुळशीवृंदावनाकडं गेले. कुंडलिकराव मांडवाकडं निघाले ते परत नदीकडं आले. शेवटी दोघांनी एकमेकांचे दंड धरले आणि झुलत झुलत पायऱ्या चढू लागले.

"पण आबासाहेब, धक्का तुमच्या काहिलीनं दिला."

"व्हय का! ठण्ण कुणाचं वाजलं? तुमचं वाजलं."

"आमचं वाजलं म्हंजे तुमी येऊन आदळला!"

मागून नवरदेव येत होता. नाकाला गंध, डोक्यावर न बांधलेला फेटा, चाल दारू प्यायल्यासारखी, आणि तोंडभर हसू.

गोरज मुहूर्तावर अंतरपाट धरला गेला. भटजींची मंगलाष्टकं सुरू झाली. नदीवरून वारा येत होता आणि पाट मधोमध फुगत होता, कधी जोतीरामच्या बाजूला, कधी पलीकडं. त्याला ते बघून इतका आनंद झाला, की त्याला राहवेना. तो पाटाकडं झुकून हळूच म्हणाला, "तुमच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. ती शीव कुणाचीच नसते. दुधाची नाही, सायीची नाही. तिच्याकडं जे वाहत येतं ते तिचं."

पाट त्याच्या बाजूला फुगला.

"ते मला फुलं टाकतानाच कळलं," सारजा पाटाआडून पुटपुटली. "पर पान्याखाली बुडी मारलेलं पानी फुडं कुठं जातं, ते सांगा."

जोतीरामचं तोंड परत उघडं राहिलं. आणि तेवढ्यात अक्षता पडल्या, त्यातल्या थोड्या सरळ त्याच्या तोंडात गेल्या.